चिंधी, कातरण आणि कंथा : गोधडीच्या खरेपणाचा विचार

१

महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या एका लोककथेत श्रीकृष्णाचे बोट कापते आणि जखमेवर बांधण्यासाठी चिंधी हवी म्हणून नारद प्रथम सुभद्रेकडे जातात. सख्ख्या बहिणीच्या घरी शालू आहेत, पैठण्या आहेत; नाही ती फक्त चिंधी. पुढे द्रौपदी अंगावरचा भरजरी पीतांबर फाडून देते आणि मानलेली बहीण सख्ख्या बहिणीहून थोर ठरते. कथेचा सारा रोख स्नेहाच्या महतीकडे आहे, हे उघड आहे. तथापि वस्त्राच्या इतिहासाचा विचार करणाऱ्यास तीत आणखी एक गोष्ट आढळते. संपन्न घरात वस्त्रे असतात, पण चिंधी असेलच असे नाही. चिंधी मिळण्यासाठी वस्त्र आधी पुरते वापरले गेलेले असावे लागते. द्रौपदीने दिलेला तुकडा आकाराने चिंधी खरा. परंतु तो चिंधी नव्हता, म्हणूनच त्याचे मोल झाले.

आकाराने चिंधी आणि इतिहासाने चिंधी हा भेद येथे स्पष्ट होतो, आणि गोधडीच्या विचारात तोच मुख्य ठरतो. अनेक रंगांचे, अनेक पोतांचे लहान तुकडे जोडून केलेले पांघरूण दिसताच त्यास चिंध्यांची गोधडी म्हणण्याचा प्रघात आहे. पण नवे कापड विकत आणून, त्याचे तुकडे पाडून आणि ते पुन्हा जोडून केलेले पांघरूणही डोळ्यांना तसेच दिसू शकते. मग चिंध्यांची खरी गोधडी कोणती, आणि तिचे खरेपण कशावरून ओळखावे? हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांपैकी फारच थोड्यांनी स्वतःविषयी काही लिहून ठेवले आहे. त्यांच्या घरात कोणते कापड आले, ते किती काळ वापरले गेले आणि कशासाठी राखले गेले, याचा लेख बहुधा गोधडीतच सापडतो. तो लेख अस्सल आहे की नंतर तयार केलेला आहे, हे ठरविणे इतिहासाच्या अभ्यासकास टाळता येणार नाही.

२

या प्रश्नाचे पहिले उत्तर मराठी भाषेतच साठवलेले आहे. कापडाच्या उतरत्या अवस्थांसाठी मराठीत जो शब्दसमूह आहे तो एखाद्या शास्त्राच्या परिभाषेइतका नेमका आहे. रंग जातो तेव्हा कापड विटते. धागे झिजून ते पातळ होते तेव्हा विरते. आणि ताण सहन होईनासा झाला की फाटते. विटणे, विरणे, फाटणे ही तीन क्रियापदे तीन वेगळ्या घटना सांगतात. विटलेले लुगडे अद्याप नेसता येते. विरलेले जपून नेसावे लागते. फाटलेल्याला ठिगळ लागते.

नामांची उतरंडही अशीच आहे. नेसून जुने झालेले वस्त्र ते जुनेर. फाटक्या वस्त्रातला अजून धड राहिलेला मोठा तुकडा तो धडपा. त्याहून लहान व हलके ते पटकूर. पुसण्याझाडण्यास घेतले की ते फडके, आणि जमीन सारवण्याच्या कामी लागले की पोतेरे. अरुंद फाटका तुकडा ती चिंधी. अंगावर लोंबू लागल्या की त्याच चिंध्यांची लक्तरे होतात. अखेर चिंध्यांना पीळ देऊन, तेलातुपात भिजवून पेटविल्या की त्यांचा काकडा होतो, आणि पहाटेच्या काकड आरतीस त्याच वस्तूचे नाव मिळालेले आहे. लुगड्यापासून काकड्यापर्यंतच्या या प्रवासात कापड एकदाही टाकून दिले जात नाही. प्रत्येक पायरीला त्यास नवे नाव आणि नवे काम मिळते.

या उतरंडीत न बसणारा एक शब्द आहे, तो म्हणजे कातरण. शिंपी कापड बेतताना जे तुकडे वाया जातात त्यांना कातरण म्हणतात. चिंधी आणि कातरण दोन्ही तुकडेच; दोन्ही शिल्लक राहिलेले. परंतु चिंधी वापरातून उरते, कातरण बेतण्यातून उरते. चिंधी कोणाच्या तरी अंगावरून आलेली असते. कातरण कोणाच्याही अंगाला लागलेली नसते. तुकड्याच्या आकारावरून नव्हे, तर तो कसा उरला यावरून भाषेने हे दोन शब्द वेगळे ठेवले आहेत. आणि ज्या तुकड्यासाठी धड कापड मुद्दाम फाडले, त्यास या समूहात स्वतंत्र नावच नाही.

३

पांघरुणाच्या नावांकडे वळल्यास हीच दृष्टी पुन्हा दिसते. इंग्रजी ‘क्विल्ट’ आणि पोर्तुगीज ‘कोल्शा’ हे दोन्ही शब्द गादी या अर्थाच्या ‘कुल्किता’ या लॅटिन शब्दापासून आले आहेत. तेथे वस्तूला नाव मिळाले ते तिच्यात भरलेल्या पदार्थामुळे. भारतीय नावे निराळ्या वाटेने गेली. हिंदीत गूदड म्हणजे चिंध्या आणि गुदडी म्हणजे चिंध्यांचे पांघरूण. गुजराती गोदडी आणि मराठी गोधडी ही त्याच कुळातली रूपे होत. संस्कृतातील ‘कंथा’ या शब्दाचाही अर्थ चिंध्या जोडून केलेले वस्त्र असाच आहे. बंगालीतील ‘काँथा’ हे त्याचेच रूप. म्हणजे येथे नाव पडले ते भरणावरून नव्हे, तर चिंधीवरून.

‘कंथा’ शब्दाच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. पाणिनीच्या सूत्रांत (२.४.२० व ४.२.१०२) हा शब्द येतो, एवढ्यावरून गोधडीची प्राचीनता पाणिनीपर्यंत नेण्याचा मोह होतो. परंतु त्या सूत्रांतील कंथा हा गावांच्या नावांत येणारा शब्द आहे. समरकंद, ताश्कंद या नावांतील ‘कंद’ या नगरवाचक इराणी शब्दाशी अभ्यासकांनी त्याचा संबंध जोडला आहे. ध्वनिसाम्यावरून दोन वेगळ्या शब्दांचे तुकडे एकमेकांस शिवणे योग्य होणार नाही. चिंध्यांच्या कंथेसाठी पाहावे लागते ते वैराग्यपर वाङ्मयाकडे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या चर्पटपंजरिका स्तोत्रात रस्त्यावर पडलेल्या चिंध्यांची कंथा पांघरणारा विरक्त येतो. तेथे चिंध्या कोठून आल्या हे सांगण्यालाच महत्त्व आहे. त्या रस्त्यावरच्या नसत्या तर कंथेला वैराग्याचा अर्थ उरला नसता.

मराठीत गोधडीबरोबर वाकळ हा दुसरा शब्द नांदतो. वल्कल, प्राकृत वक्कल, मराठी वाकळ ही परंपरा ध्वनिनियमांना मानवणारी आहे. जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ होणे आणि स्वरांमधील एकेरी ‘ल’चा ‘ळ’ होणे, हे दोन्ही मराठीत नेहमीचे आहे. ही व्युत्पत्ती स्वीकारल्यास तपस्व्याचे वल्कल आणि गरिबाची वाकळ एका शब्दाच्या दोन टोकांस येतात.

४

नव्या कापडाला चिंधीचे रूप देण्याचा एक अत्यंत जुना आणि तपशीलवार नोंदलेला प्रसंग पाली विनयपिटकात सापडतो. महावग्गातील चीवरखंधकानुसार आरंभी भिक्षू पंसुकूल, म्हणजे धुळीच्या ढिगाऱ्यावरून वेचलेल्या चिंध्यांची चीवरे वापरीत. पुढे वैद्य जीवकाने, उज्जैनीच्या प्रद्योत राजाकडून आपणास मिळालेले उंची वस्त्र बुद्धास अर्पण केले आणि भिक्षूंनी गृहस्थांनी दिलेली वस्त्रेही स्वीकारावीत अशी विनंती केली. ती मान्य झाली. ज्यास हवे त्याने पंसुकूल वापरावे, ज्यास हवे त्याने दिलेले वस्त्र घ्यावे, अशी मुभा मिळाली.

येथे खरी अडचण उभी राहते. दिलेले वस्त्र अखंड आणि नवे असणार. भिक्षूचे वस्त्र मात्र चिंध्यांचे, इतरांना लोभ न वाटेल असे असावयास हवे. या अडचणीचे उत्तर त्याच खंधकात आहे. राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जाताना बुद्धाने मगधाची शेते पाहिली. बांध घातलेली, ओळीत मांडलेली, चौकाचौकांत जुळणारी. तशी चीवरे करता येतील काय, असे त्याने आनंदास विचारले आणि आनंदाने ती करून दाखविली. पुढे चीवर कापलेल्या तुकड्यांचे असावे असा नियम झाला. कापड पुरेसे नसेल तेव्हा तीनपैकी काही चीवरे न कापता वापरण्याची सवलत होती. परंतु तिन्ही अखंड वापरण्यास मनाई होती. म्हणजे नवे कापड आधी कापावे, मग शेताच्या बांधासारख्या पट्ट्यांनी जोडावे. चीवर दिसण्यात तुकड्यांचेच राहिले, मात्र तुकडा पडण्याचे कारण बदलले. पूर्वी तो झिजेने पडत असे, आता सुरीने पडू लागला.

या बदलाने पंसुकूलाची मूळ कल्पना पुसली गेली नाही, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. विनयाच्या परिवार या भागात पंसुकूलाचे दहा प्रकार दिले आहेत. त्यांत स्मशानात सापडलेले, दुकानासमोर पडलेले, उंदरांनी कुरतडलेले, वाळवीने खाल्लेले, आगीत जळालेले, गाईने चघळलेले अशी वर्गवारी आहे. रंग, आकार किंवा पोत यांचा तीत उल्लेख नाही. प्रत्येक प्रकार त्या कापडावर काय ओढवले यावरून ठरविलेला आहे. ज्या परंपरेने नव्या कापडाला तुकड्यांचे रूप देण्याची रीत घालून दिली, तिनेच खऱ्या चिंधीची व्याख्या मात्र तिच्या गतायुष्यावरून केली. दोन्ही वस्त्रे धर्म्य ठरली. पण दोन्हींना एकच नाव दिले गेले नाही.

५

दोन सहस्र वर्षांनंतर आणि फार दूरच्या देशांत हाच प्रश्न पुन्हा उद्भवला, आणि तेथेही आरंभी भारतीय कापडाचा संबंध होता. सतराव्या शतकात भारतातील छापील व रंगविलेले सुती कापड इंग्लंडमध्ये अतिशय लोकप्रिय झाले. मराठीतील ‘चीट’ आणि इंग्रजीतील ‘चिंट्झ’ हे एकाच शब्दाचे दोन वंशज आहेत. तेथील लोकर व रेशीम विणणाऱ्यांच्या तक्रारींवरून १७०० साली अशा कापडाच्या देशांतर्गत वापरासाठी होणाऱ्या आयातीवर बंदी आली. १७२१ च्या कायद्याने छापील सुती कापड अंगावर घालण्यास व घरात वापरण्यासही मनाई केली. ही बंधने १७७४ साली उठली. इंग्लंडमधील तुकडेजोडीच्या पांघरुणाचा सर्वांत जुना ज्ञात नमुना म्हणून लेव्हन्स हॉल या वाड्यातील जे पांघरूण दाखविले जाते, ते साधारण १७०८ चे मानतात. त्यात भारतीय चिटांचे तुकडे जोडलेले आहेत. कापड दुर्मिळ झाल्यावर त्याचा लहानसा तुकडाही टाकवेनासा होतो. येथे तुकडे जोडण्यामागे केवळ दारिद्र्य नव्हते. मौल्यवान वस्तू संपत आल्याची जाणीवही होती.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गिरणीचे कापड स्वस्त झाले आणि चित्र पालटले. १८७६ साली फिलाडेल्फिया येथे भरलेल्या प्रदर्शनात जपानी कलावस्तू पाहून तेथील सुखवस्तू स्त्रियांमध्ये ‘क्रेझी क्विल्ट’ नावाच्या, वेड्यावाकड्या आकारांचे रेशमी व मखमली तुकडे जोडलेल्या पांघरुणांची मोठी लाट आली. घरात एवढे रेशीम झिजून उरणे शक्य नव्हते. तेव्हा कारखानदार रेशमी तुकड्यांची पुडकी टपालाने विकू लागले. जी वस्तू कापड संपल्यावर उरावयाची, तीच आता पैसे देऊन आणावी लागली. त्याच सुमारास ‘चार्म क्विल्ट’ नावाचा आणखी एक प्रकार रूढ होता. त्यात कोणतेही दोन तुकडे एकाच कापडाचे नसावेत असा दंडक असे आणि त्यासाठी शेजारणी व नातलग स्त्रिया यांच्यात तुकड्यांची देवघेव चाले. म्हणजे एका प्रकारात तुकडे बाजारातून आले, दुसऱ्यात ते बहुधा माणसांकडून आले. दोन्हींत विविधता आहे. परंतु पहिल्यातील विविधता विकत घेतलेली आहे, तर दुसरीत एका वस्तीतल्या अनेक घरांचे कपडे एकत्र आलेले आहेत. केवळ विविधता हे खरेपणाचे गमक होऊ शकत नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे.

६

मग गमक कोणते? ते शोधण्यास दोन वस्त्यांची गोधडी उपयोगी पडते. दोन्ही वस्त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेले होते. एक अमेरिकेत, दुसरी भारतात.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात, नदीच्या मोठ्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. तेथील स्त्रियांनी विसाव्या शतकात केलेल्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन येथील कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि जगभर गाजल्या. त्या शिवताना ते प्रदर्शन कोणाच्या स्वप्नातही नव्हते. शेतात घातलेल्या विजारी, सदरे, पिठाची व खताची पोती हे त्यांचे साहित्य. विजारीचा खिसा उसवून काढला की त्याखालच्या न विटलेल्या निळ्या कापडाचा चौकोन उघडा पडतो. तो चौकोन गोधडीत तसाच राहतो. १९४२ साली मिझूरी पेटवे या स्त्रीने मृत पतीच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी म्हणून. तिच्या मुलीने पुढे ही हकीकत सांगितली आहे. ती गोधडी पाहताना रंगसंगतीविषयी बोलता येते. पण ते रंग मिझूरीने निवडले नव्हते. त्या माणसाच्या श्रमांनी ठरविले होते. तिने निवडली ती त्यांची मांडणी.

याच भागात १९६६ साली स्त्रियांची एक सहकारी संस्था स्थापन झाली आणि मोठ्या शहरांतील दुकानांच्या मागण्या येऊ लागल्या. मागणीचा पहिला नियम असा की एक नग दुसऱ्यासारखा असावा. त्यासाठी नवे, एकसारखे कापड लागते. १९७२ साली सिअर्स या कंपनीसाठी उशांचे कॉर्डुरॉय अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. ते काम साचेबंद होते. परंतु कापड बेतून उरलेली कॉर्डुरॉयची कातरण स्त्रियांनी घरी नेली आणि तिच्यापासून पुन्हा स्वतःच्या मनाजोगत्या गोधड्या केल्या. ती चिंधी नव्हती, कातरणच होती. तरीही त्या गोधड्या खऱ्या ठरतात, कारण कोणता रंग व किती रुंद पट्टी मिळणार हे शिवणारणीच्या हाती नव्हते.

दुसरी वस्ती महाराष्ट्र आणि गोव्याच्या शेजारची आहे. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज यांत मोठ्या संख्येने आहेत. त्यांच्या बोलीचा पाया कोंकणी असून तीत मराठी व कन्नड यांची सरमिसळ आहे. यांच्या गोधडीस कवंदी म्हणतात. एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने तुकडे लावीत व धावदोरा घालीत शिवणारीण मध्याकडे सरकते. आधी आखलेला नमुना नसतो. पुढचा तुकडा हाताशी काय आहे त्यावर ठरतो. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ लावतात आणि त्यांवाचून कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. अगदी हाताशी आलेल्या तुकड्यांच्या कामातही एक गोष्ट शिवणारीण स्वतःच्या अधिकारात राखते, ती ही फुले.

या दोन उदाहरणांवरून गमक सांगता येते. खऱ्या गोधडीत कापड आधी येते आणि आकृती नंतर. जी केवळ दिसण्यापुरती गोधडी, तिच्यात आकृती आधी ठरते आणि तिच्यासाठी कापड आणले जाते. झीज, मृत्यू, बंदी, कारखान्यातील बेतणी यांपैकी कोणत्याही कारणाने तुकडा उरलेला असो. तो गोधडीसाठी निर्माण झालेला नसतो, एवढी एकच अट आहे. शिवणारीचे कौशल्य त्यामुळे कमी होत नाही. उलट, जे मागितले नाही त्याच्याशी जुळवून घेणे हेच तिचे कौशल्य असते.

७

या गमकाने महाराष्ट्रातील गोधडीकडे पाहिले म्हणजे तिच्या इतिहासाचे टप्पे तिच्याच थरांत वाचता येतात. नऊवारी लुगडे दुमडले की त्याचे अनेक पदर होतात. मधल्या भरणास जुनेरे व पटकुरे, वरच्या बाजूस त्यातल्या त्यात धड राहिलेले लुगडे, आणि कडेने काठ. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची स्थापना केली, तिच्यामागोमाग इतर गिरण्या निघाल्या आणि हातमागाच्या लुगड्याशेजारी गिरणीचे कापड गोधडीत येऊ लागले. शिवणयंत्र आल्यावर झंपरांची, परकरांची, सदऱ्यांची कातरण आली. ज्या घरात चिंधी होती तेथे कातरण मिसळली. ठिगळांचे रंग वाढले. म्हणून अनेक रंगी ठिगळांची गोधडी ही फार जुनीच असली पाहिजे असे म्हणता येत नाही. पुष्कळदा ती शिंप्याच्या दुकानाशी झालेल्या ओळखीची खूण असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम धाग्यांची पातळे घरोघर झाली, आणि येथे उतरंडीची एक पायरीच निखळली. असे पातळ विटते, उसवते, कधी फाटते. पण सुतासारखे विरत नाही. विरलेल्या सुताची मऊ ऊब हीच गोधडीची आणि बाळाच्या दुपट्याची जमेची बाजू होती. नवजात बालकास प्रथम जुनेरात गुंडाळण्याची जी चाल आहे, तिच्या मुळाशीही हा मऊपणा आहे. कापड विरेनासे झाले की जुनेर हा शब्द वस्तूवाचून राहतो. आणि वस्तूवाचून राहिलेले शब्द भाषेत फार काळ टिकत नाहीत.

आता गोधडी दुकानांत व प्रदर्शनांत मानाने मांडली जाते, ती शिवून स्त्रियांना चार पैसे मिळतात, ही समाधानाचीच गोष्ट आहे. त्यासाठी नवे सुती कापड घेऊन त्याचे तुकडे करणे यात गैर असे काहीच नाही. आनंदाने मगधाच्या शेतांसारखे चीवर केले, तेही कापूनच. परंतु विनयकारांनी जो विवेक राखला तो येथेही राखला जावा. कापून केलेले चीवर आणि पंसुकूल ही दोन्ही त्यांनी मान्य केली, मात्र त्यांची नावे एकमेकांत मिसळू दिली नाहीत. नव्या कापडाच्या गोधडीत शिवणारीचे कसब असते. जुनेरांच्या गोधडीत त्या कसबाबरोबर घरही असते. त्यातील कोणता तुकडा कोणाच्या अंगावरचा, हे सांगणारी स्त्री हयात आहे तोवर तो लेख वाचता येतो. वस्तुसंग्रहालयात गोधडीवर माप, प्रदेश व साधारण काल लिहिलेली चिठ्ठी लागते. त्या चिठ्ठीत आणखी एका ओळीची भर पडावयास हवी : तुकडे कसे उरले. ती ओळ लिहून घेण्याचे काम, सांगणाऱ्या स्त्रिया आहेत तोपर्यंतच होऊ शकते.